आईच्या नावापुढचा शेरा

प्रशिक्षणाचा आदेश आला की आमच्या शाळेत कोणाची ना कोणाची तब्येत बिघडते. या खेपेला माझी बिघडायला हरकत नव्हती, पण शाळेत इतिहास शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे सुटका नव्हती. पाच दिवस, अमरावती, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच. विषय काय, तर इतिहासाच्या तासाला मूळ साधनांचा वापर. मी राहते दर्यापूरला. म्हणजे रोज सकाळची एसटी पकडा, संध्याकाळी अंधार पडता पडता परत या. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी प्रशिक्षणं मी ढिगाने केली आहेत. चार्ट पेपर, स्केचपेन, गटचर्चा, चहासोबत दोन बिस्किटं आणि शेवटच्या दिवशी हसरा फोटो. डोकं घरी ठेवूनच मी गाडीत बसले.

शिकवायला आलेली बाई मात्र निराळी निघाली. अकोल्याच्या एका कॉलेजातली, वयाने माझ्या पुतणीएवढी. तिने पहिल्याच तासाला माझ्यासमोर येऊन विचारलं, "मॅडम, आज सकाळी काय खाल्लंत?"

"पोहे," मी म्हणाले.

"पुरावा?"

"मी सांगते आहे ना!"

"तुम्ही तर सांगणारच. आणखी कोण सांगेल?"

सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. मी खाल्लेल्या पोह्यांचा साक्षीदार म्हणजे माझा नवरा, आणि मी काय खाते हे त्याला लग्नापासून दिसलेलं नाही. पण ते काही मी तिथे बोलले नाही. मग तिने फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोणताही जुना कागद हाती आला की हे चार प्रश्न विचारायचे, असं ती म्हणाली. हे कोणी लिहिलं? केव्हा लिहिलं? कोणासाठी लिहिलं? आणि यात काय लिहिलेलं नाही? पहिले तीन मला कळले. चौथ्याने मी गोंधळले. जे लिहिलेलंच नाही ते वाचायचं कसं, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "तेच तर आपल्याला शिकायचंय." मी वहीत तो प्रश्न उतरवून घेतला आणि त्याच्यापुढे आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं.

ओळख करून देताना मी एक गोष्ट जरा मिरवूनच सांगितली होती. मी ज्या गावच्या शाळेत शिकवते, त्याच शाळेत माझी आई शिकली. तिचं माहेर तिथलं. ती चौथी पास आहे. आमच्या पुऱ्यातल्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या, त्या वेळच्या पोरींमध्ये चौथी पास म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या निम्म्या शिक्षकांना सांगायची गरज नव्हती. बाईने ते लक्षात ठेवलं, हे मला नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरचा अभ्यास दिला. प्रत्येकाने आपल्या घरातलं, गावातलं किंवा शाळेतलं एक मूळ साधन आणायचं. मी शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर न्यायचं ठरवलं. कोण पोरगा शाळेत केव्हा आला, कोण केव्हा सोडून गेला, त्याची जन्मतारीख, जात, इयत्ता, शेरा, हे सगळं त्यात असतं. यापेक्षा अस्सल साधन ते काय असणार?

तिसऱ्या दिवशी टेबलावर बाजार भरला. परतवाड्याच्या एका सरांनी आजोबांचा लाकूडतोडीचा परवाना आणला होता, अकोटच्या एका बाईंनी कापसाच्या जिनिंगमधली जुनी पावती. माझी पाळी आली तसं मी रजिस्टर उघडलं. निळी शाई, एकसारख्या ओळी, एक खाडाखोड नाही. मला वाटलं आता ही बाई खूश होणार. तिने दोन पानं उलटली आणि विचारलं, "हे अक्षर कोणाचं आहे?"

"माझं."

पुन्हा हशा. मला आधी कळेचना की यात हसण्यासारखं काय आहे. मग हळूहळू उजेड पडला. मी आणलं होतं ते जुनं रजिस्टर नव्हतंच. ती मी उतरवलेली प्रत होती. शाळेत रुजू झाले तेव्हा जुन्या रजिस्टरची पानं हात लावला की तुटायची. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, कोरं रजिस्टर घ्या अन् सगळं उतरवून काढा, जुनं कपाटात राहू द्या." उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून मी ते उतरवलं. पानापानावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला, खाली सही केली. तेव्हापासून काही पाहायचं असलं की सगळे माझीच प्रत उघडायचे. मला स्वतःलाही ती प्रत आहे याचा विसर पडला होता. आम्हा मास्तर लोकांना फाटकं दिसलं की उतरवून काढायची आणि नीटनेटकं दिसलं की खरं मानायची खोडच आहे.

"मूळ कुठे आहे?" बाईने विचारलं.

"शाळेत, कपाटात."

"आणि यात आणि त्यात काही फरक?"

"नाही," मी म्हणाले. "जसंच्या तसं आहे."

हे बोलले आणि मी रजिस्टर घाईने मिटलं. कारण एक फरक होता, आणि तो मीच केलेला होता.

तो उन्हाळा मला चांगला आठवतो. उतरवता उतरवता आईचं माहेरचं नाव आलं. मी आनंदाने पुढचे रकाने वाचत गेले. वडिलांचा धंदा, मजुरी. जन्मतारीख, एक जुलै. इयत्ता, तिसरी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, तपकिरी झालेल्या शाईत: सतत गैरहजर, नाव कमी केले.

आई जन्मभर सांगत आली होती की ती चौथी पास आहे. रेशन दुकानात कोणी अंगठ्याचं पॅड पुढे केलं की ती ते मागे ढकलायची. "मी चौथी पास हाये, सई करतो," म्हणायची. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत जायचा नाही. मला बाराखडी तिने शिकवली, शाळेत जायच्या आधी. ती शिकली म्हणून मी शिकले, हे आमच्या घरातलं न बोललेलं वाक्य होतं. आणि इथे लिहिलं होतं, तिसरी, नाव कमी केले. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग माझ्या प्रतीत लिहिलं: चौथी उत्तीर्ण. शिक्का मारला. सही केली. म्हातारपणी कोणी रजिस्टर उघडून माझ्या आईला खोटं पाडू नये, एवढंच माझ्या मनात होतं. निदान तसं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतर मी ते मूळ पान कधी उघडलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला. ती मूळ ओळ मी खरंच तशी वाचली होती की मला आता तसं वाटत होतं? मूळ पानावर नक्की काय होतं? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कपाट उघडलं, जुनं रजिस्टर काढलं, पान शोधलं. सतत गैरहजर, नाव कमी केले. तसंच होतं. बरं, मग आई खोटं बोलत होती का? इतकी वर्षं? माझी आई, जी भाजीवाल्याने चुकून जास्तीचं वांगं टाकलं तर परत करायला जाते? की गुरुजींनी खोटं लिहिलं? पण गुरुजी कशाला एका मजुराच्या पोरीबद्दल खोटं लिहितील? आणि आणखी एक होतं. आईला अडीचकी येते. अडीचकीचा पाढा त्या काळी चौथीत होता. तिसरीतच नाव कमी झालेल्या पोरीला तो आला कुठून? इकडून ओढलं की तिकडे गाठ बसायची. माझी अशी गत कधी झाली नव्हती. पाठ्यपुस्तकात असं काही नसतं. तिथे एक सन असतो, एक घटना असते आणि खाली स्वाध्याय.

त्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, बाईने मला गाठून सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्याकडे मूळ आणि प्रत दोन्ही आहेत, हे फार क्वचित मिळतं. दोन्ही पोरांसमोर शेजारी ठेवा, त्यांना वाचू द्या. आणि तुमच्या आई त्याच शाळेत होत्या ना? त्यांनाही बोलवा. कागद आणि माणूस दोन्ही एका वर्गात. मी स्वतः पाठ बघायला येते." मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण काय देणार? खरं कारण देता येत नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं.

रविवारी अकोल्याला गेले. आई तिथे माझ्या भावाकडे असते. शाळेत बोलावलंय म्हटल्यावर ती एकदम हरखली. विहारात जायची पांढरी साडी नेसू की निळी, इथपासून तयारी सुरू झाली. भावजय चहा करायला आत गेली तेव्हा मी हळूच विषय काढला.

"आई, तू चौथीची परीक्षा दिली होती का?"

"देली होती का म्हंजे? चौथी पास हाये मी."

"मग दाखला कुठं आहे?"

"दाखला कोन मांगते बाईले? मले काय कलेक्टर व्हाचं होतं?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आज काहून इचारून राहिली?"

"असंच," मी म्हणाले.

परतताना मी ठरवून टाकलं की ते पान वर्गात जाणारच नाही. मूळ रजिस्टरची दुसरी दहा पानं मी निवडली, त्यांची छायाप्रत काढली, माझ्या प्रतीतल्या त्याच पानांची काढली. बाईला दोन्ही दिसतील, पोरांना मजा येईल, आई चार गोष्टी सांगेल आणि दुपारच्या गाडीने परत जाईल. जुनं रजिस्टर टेबलावर ठेवायचं ते फक्त दाखवायला. आईने जन्मभर मान वर करून म्हटलेली एक गोष्ट होती. ती माझ्या वर्गात, माझ्या पोरांसमोर तिच्याकडून काढून घ्यायची नाही, एवढं माझं ठरलं होतं.

पाठाच्या दिवशी सातवीची पोरं हात धुवून, पुसून सतरंजीवर बसली. जुन्या कागदाला ओला हात लागायला नको, असं मी सांगितलं होतं, तर काही जणांनी दोनदा धुतले. आई निळ्या साडीत खुर्चीवर. प्रशिक्षणवाली बाई मागच्या भिंतीशी. सुरुवात इतकी छान झाली की मी धास्ती विसरले. एका पोरीने पाचच मिनिटांत शोधून काढलं की रजिस्टरमधली बहुतेक पोरं एक जुलैला जन्मली.

"बाई, इतके पोट्टे एकाच दिवशी कसे झाले?"

आई खो खो हसली. "आमच्या मायबापाले तारीख कुठं मालूम होती? शाळा सुरू झाली का गुरुजी एक जुलै टाकून देत. मायाबी जलम त्यानंच ठरोला."

पोरं वहीत भराभर लिहीत होती. म्हणजे रजिस्टरमध्येही खोटं असतं, असं एक जण म्हणाला. खोटं म्हणायचं की अंदाज, यावर त्यांचा वाद जुंपला. मागे बाईचा चेहरा उजळला होता. आणि तेवढ्यात आई खुर्चीवरून पुढे झुकली.

"मायं नाव दाखव ना मले. पायतो तरी."

"आई, त्याची छायाप्रत नाही काढली," मी म्हणाले.

"ते काय रजिस्टर पडलं टेबलावर. त्यात असन ना?"

मी काही बोलायच्या आत दोन पोरी टेबलापाशी पोचल्या होत्या. हुशार पोरी. मीच त्यांना नाव कसं शोधायचं ते शिकवलं होतं. पान सापडलं. त्यांनी उघडं रजिस्टर दोन्ही हातांनी धरून आईसमोर ठेवलं. आईने चष्मा सारखा केला आणि रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. नाव. वडिलांचं नाव. मजुरी. एक जुलै. इयत्ता तिसरी. मग ती थांबली आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं. "सतत. गैरहजर. नाव. कमी. केले."

मला धरणी फाटावी असं झालं. ज्या क्षणाला मी इतकी वर्षं भीत होते तो माझ्यासमोर होता, आणि तो मीच बोलावून आणला होता.

"आजी," पान धरलेल्या पोरीने विचारलं, "तुमी शाळेत येत नवत्या का?"

"येत होती," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. "रोज येत होती. माय कापूस येचाले जाये. धाकटी बहीण अंगावरची, ते माया कडेवर. गुरुजी म्हने, लेकरू घेऊन वर्गात बसाचं नाई, रडते. मंग मी त्या खिडकीखाली बसू." तिने बोट दाखवलं. शाळेच्या जुन्या खोलीची मागची भिंत तिथून दिसते. "आतमधी गुरुजी शिकवे, बाहीर मी शिको. पाटी होती माया जवळ. तिसरी अर्धी तशी केली, चौथी पुरी तशी केली. एक डाव अडीचकी कोनालेच आली नाई, तं मी खिडकीतून बोलून देली. गुरुजी हासले. पन हजेरी नाई लावली. आत बसन त्याची हजेरी."

"अन् परीक्षा?" दुसऱ्या पोरीने विचारलं.

"परीक्षेच्या दिवशी बी गेली. त्याईनं फळ्यावर लिवलं, म्या पाटीवर सोडोलं. तपासाले कोनी मांगतलं नाई. मंग म्याच तपासलं. एक गनित चुकलं होतं. पास झाली."

पोरं हसली. आईही हसली. मी हसू की रडू, मला कळेना. आईने ही गोष्ट मला कधीच सांगितली नव्हती. का सांगितली नव्हती? मी कधी विचारलं होतं का? चौथी पास, एवढं ती म्हणायची, आणि त्यातच तिचं सगळं येत असावं. रजिस्टर खरं होतं. आईही खरी होती. गुरुजींनी जे वर्गात दिसलं तेच लिहिलं होतं. मग चूक कुठे होती, हे मी शोधतच होते, तेवढ्यात एका पोराने हात वर केला. त्याच्या मांडीवर माझी प्रत होती. छायाप्रत नव्हे, अख्खं रजिस्टर. ते मी टेबलाखाली ठेवलं होतं, आणि फरक शोधा म्हटल्यावर त्याने ते सरळ उचललं होतं.

"बाई, याच्यात आजीच्या नावापुढं येगळंच हाये. चौथी उत्तीर्ण लिवलं हाये."

मागे बसलेल्या बाईने मान वर केली. आईने हात पुढे केला. पोराने रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ओळ वाचली. मग शिक्का वाचला. मग खालची सही वाचली, आणि मला वाटतं तिला सहीची गरजही नव्हती. ते अक्षर तिनेच घडवलेलं होतं.

"हे तुयं अक्षर हाये," ती म्हणाली.

"हो."

"जुन्या रजिस्टरात हे नाई."

"नाही."

"तुले हे पान तवाच मालूम होतं?"

"हो. मी तुझ्यासाठीच लिहिलं, आई. कोणी तुला खोटं म्हणू नये म्हणून."

तिने रजिस्टर बंद केलं. त्याच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवला. पोरांना काहीतरी बिनसलं एवढं कळलं असावं.

"तो गुरुजी परका होता," ती म्हणाली. "त्यानं मले आत नाई पायलं, त्याचा मले राग नाई. पन तू तं मायी पोरगी. ते वाचून तू घरी नाई आली, मले नाई इचारलं. तुले बी वाटलं का मी जल्मभर खोटं बोलून राहिली?"

मी इतकी वर्षं समजत होते की मी तिची लाज झाकली. तिला लाज नव्हती. एक चुकलेलं गणितसुद्धा ती चारचौघांत सांगत होती. लाज मला वाटली होती, तीही त्या एका ओळीवर विश्वास ठेवून. मी खडू हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. उत्तराची वाट ती पाहत होती आणि वर्गातली सगळी पोरंही पाहत होती.